मिठाचं पाणी

मार्लिसने नारिंगी तारेचं टोक बॅटरीच्या पेटीतून ओढून काढलं, तेव्हा चमचाभर पाणी तिच्या हातमोज्यावर सांडलं. गढूळ, पांढुरकं पाणी. तिने टोक उजेडात धरलं. आतल्या तांब्यावर हिरवट क्षार चढला होता, जुन्या नळाच्या तोंडाशी चढतो तसा.

तीन नंबरचा ट्रक कालपासून कारखान्यात वीज तोडून उभा होता. तक्रार साधी होती: केबिनमधला हीटर चालत नाही. तिने वाकून हीटरची तार उघडली. तिथेही पाणी, तिथेही क्षार. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फात विरघळून चाकांनी उडवलं होतं आणि ते तारेच्या टोकावरच्या रबरी टोपणातून आत शिरलं होतं. एका ठिकाणी शिरलं असतं तर निभावलं असतं. दोन ठिकाणी शिरलं होतं.

ती उकिडवी बसून राहिली. हातमोज्यावरचा थेंब मनगटाकडे घरंगळला तसा तिने हात झटकला.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, हॉलंड गावातल्या या कारखान्यात बावीस माणसं होती. माल पोचवणाऱ्या मधल्या आकाराच्या ट्रकांसाठी विजेची मोटर, बॅटरी आणि ते सगळं चालवणारी यंत्रणा ती तयार करत. पहिले सात ट्रक चाचणीसाठी एका लाँड्रीला दिले होते. इस्पितळं, खाणावळी आणि वृद्धाश्रमांच्या चादरी, टॉवेल घेऊन ते सरोवराच्या काठाकाठाने मिशिगनच्या या पट्ट्यात रोज धावत. बॅटरीवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम मार्लिस हुक्स्ट्राने लिहिला होता. बॅटरीतली वीज ट्रकच्या लोखंडाला कुठेच शिवता कामा नये. शिवू लागली की सेन्सरला कळतं, चालकासमोर लाल दिवा लागतो आणि ट्रक थांबतो. एक गळती असली तर माणसाला काही होत नाही, म्हणून ती कळतही नाही. दुसरी होते, तेव्हा मधला माणूस तार होतो.

जानेवारीत तो दिवा सारखा लागू लागला होता. आठवड्यात तिसऱ्यांदा एक ट्रक इस्पितळाच्या फाटकात अडकून पडला, तेव्हा वेस टर्पस्ट्रा, कारखान्याचा मालक, तिच्या टेबलाशी आला होता. "तो सेन्सर थंडीत भ्रमिष्ट होतो बहुतेक. बघ ना काहीतरी." बघ, म्हणजे कारण शोध, असं त्याला म्हणायचं होतं. दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने सातही ट्रकांमधला एक आकडा बदलला. मर्यादा दहापटीने सैल केली, म्हणजे दहापट मोठी गळती झाल्याशिवाय दिवा लागणार नाही. दोन दिवसांत कारण शोधून आकडा परत पहिल्यासारखा करायचा होता. पण दिवा लागेनासा झाला. लाँड्रीवाले खूश झाले, वेसने सगळ्यांसाठी बदामाच्या लांबोळक्या पेस्ट्र्या आणल्या, आणि ते दोन दिवस राहूनच गेले. आज सहा आठवडे झाले होते.

सेन्सर भ्रमिष्ट नव्हता. तो पहिल्यापासून खरं सांगत होता.

तिने फोन काढला. तीन नंबरनंतर सर्वांत जास्त धावलेला ट्रक चार नंबरचा. तो लीलंड टब्ज चालवत असे.

"मी लीलंड," फोनमधला रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला. "गाडी चालवतोय, नाहीतर गातोय. निरोप ठेवा."

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग लाँड्रीच्या कचेरीत लावला.

"लीलंड?" तिथली नोरीन म्हणाली. "एकतीस वर्षांत त्याने गाडी चालवताना फोन उचललेला नाही. काही काम होतं का? दुसऱ्या कोणाला सांगू?"

हीच वेळ होती. सगळ्यांना थांबव, एवढंच म्हणायचं होतं. मग नोरीनने विचारलं असतं, का?

"नको," मार्लिस म्हणाली. "एक तपासणी राहिलीय. मीच गाठते त्याला."

तिने भिंतीवरचे जाड रबरी मोजे उचलले आणि गाडीत टाकले.

महामार्गावर दहा मिनिटांत सरोवराकडून हिमाचा पडदा आला. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत आणि नाहीसे होत. मार्लिसने फोन समोर टेकवून ठेवला होता. नकाशावर चार नंबरचा निळा ठिपका मस्कीगनच्या इस्पितळाशी थांबला. थांबला म्हणजे लीलंड उतरला. उतरला म्हणजे मागे गेला. आता तो एका हाताने मागचं दार धरेल, दुसऱ्या हाताने माल उतरवायच्या लिफ्टचा कठडा. दोन्ही ओले, दोन्ही लोखंडी. ती आकडे मोजू लागली. शंभर झाले, दोनशे झाले. ठिपका हलला. तिने श्वास सोडला, तर समोरची काच धुक्याने भरली.

बाकीच्या ट्रकांच्या तारा नव्या आहेत, ती स्वतःला सांगत होती. त्यांनी अजून एवढं मीठ खाल्लेलं नाही. दोन तर लाँड्रीच्या आवारातच उभे असतात. पण तीनजण रस्त्यावर होते, हेही तिला माहीत होतं.

वेसचा फोन आला.

"कुठे पळालीस? अकराला पाहुणे येतायत."

"चार नंबर बघायला चाललेय."

"का? दिवा लागला?"

"नाही."

"मग?"

वायपर दोनदा इकडून तिकडे गेले.

"तीनमध्ये पाणी सापडलं. म्हणून म्हटलं बघावं."

"दिवा लागला नाही म्हणजे ठीकच आहे ना, मार्लिस? त्यासाठीच तर तो ठेवलाय. परत ये."

"रस्ता दिसत नाहीये, वेस. नंतर बोलते."

ठिपका व्हाइटहॉलच्या वृद्धाश्रमाशी थांबला. तिथला थांबा आठ मिनिटांचा. आठ झाली. चौदा झाली. तिने वेग वाढवला, तशी मागची चाकं घसरली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी होऊन पुन्हा सरळ झाली. तिचे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. एकोणीस. ठिपका हलत नव्हता. त्याला फोन लावायलाही तिचं मन होईना. वाजत राहिला तर काय समजायचं?

वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगणात ती वळली तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती.

ट्रक स्वयंपाकघराच्या दाराशी पाठ करून उभा होता. लिफ्ट अर्ध्यात लोंबकळत होती. तिच्याखाली चाकांची ढकलगाडी उलटली होती आणि पांढऱ्या चादरी काळ्या बर्फचिखलात पसरल्या होत्या. केबिनमध्ये कोणी नव्हतं. मागे कोणी नव्हतं.

"लीलंड!"

ती धावली, घसरली. तोल सावरायला तिचा हात आपोआप ट्रकच्या कडेकडे गेला. बोटं पत्र्यापासून दोन इंचांवर असताना तिने हात मागे घेतला आणि गुडघ्यांवर आपटली. तशीच ती ट्रकच्या खाली बघू लागली. पलीकडे नुसता बर्फ होता.

स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"इंजिनिअरबाई? दोन चादरी सांडल्या म्हणून थेट हॉलंडहून आलात की काय!"

लीलंड दारात उभा होता. धिप्पाड, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डाव्या हातात कॉफीचा मग. हातात कोपरापर्यंत पिवळे मोजे होते, भांडी घासायचे. उजवा हात मात्र त्याने जॅकेटच्या दोन बटनांमध्ये खोवून ठेवला होता, लहान मूल झोपवल्यासारखा.

मार्लिस चिखलातच बसून राहिली.

"ट्रकपासून लांब या," एवढंच ती म्हणाली.

"लांबच आहे. आत या. गारठ्यात बसू नका तिथं."

आत स्वयंपाकीणबाईने तिला स्टूल दिलं. कोबी उकडल्याचा वास येत होता. लीलंड समोर बसला.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. आज जरा जोरात चावली." तो हसला, पण कॉफीचा मग खाली ठेवताना ती हिंदकळली. "दोन आठवडे झाले. ओलं असलं आणि दार अन् लिफ्ट एकदम धरली की मुंग्या यायच्या. म्हणून ओपलचे मोजे उचलून आणले. ओपल म्हणजे आमच्या सौ. घरी शोधतेय बिचारी. आज अंगठ्यापाशी फाटले. एकदम खांद्यापर्यंत गेलं बघा. ढकलगाडी सुटली हातातून, अन् मी बसलो मटकन. या बाईंनी आत ओढून आणलं. हात अजून झोपलाय."

"इस्पितळात जायला हवं तुम्हाला. आत्ता. हृदयावर परिणाम होतो याचा."

"जाऊ की. मालक, पंधरा मिनिटं बसा, असं हृदयच म्हणालं."

"सांगितलं का नाहीत?" तिचा आवाज चढला. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

लीलंडने मोजा दाताने ओढून काढला.

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असतीत. मला परत डिझेल. एकतीस वर्षं त्या धडधडाटात गेली, डावा कान गेला. या गाडीत मला माझा आवाज ऐकू येतो. चर्चच्या गाण्यांत मी खालचा सूर धरतो. आता रोज रस्ताभर सराव होतो." त्याने खांदा उडवला, एकच. "आणि घाबरायचं कशाला? लाल दिवा तर लागला नव्हता. तुम्हीच शिकवलंत की पहिल्या दिवशी. दिवा लागला की उतरायचं, नाही लागला की निर्धास्त. मी रोज आधी दिवा बघायचो, मगच मागं जायचो."

स्वयंपाकीणबाईने गॅस बारीक केला.

"तो लागणार नव्हता," मार्लिस म्हणाली.

"म्हणजे?"

"जानेवारीपासून. सारखा लागत होता म्हणून... मर्यादा इतकी सैल केली की तो लागणारच नाही. आम्हाला वाटलं, सेन्सर बिघडलाय."

लीलंड तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जायचं विसरल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

"आम्ही," तो म्हणाला. "आम्ही म्हणजे कोण?"

तिने गुडघ्यावरचा चिखल पुसला.

"सगळ्या गाड्यांवर?"

"सातही."

तो उठला. डाव्या हाताने खिशातून फोन काढला, अंगठ्याने काहीतरी शोधलं आणि तिच्यासमोर धरला. "आम्हा ड्रायव्हर लोकांचा ग्रुप आहे. रस्ता कुठं बंद, कुणाला पोलिसांनी धरलं, असलं सगळं चालतं. लिहू नकोस, व्हर्नाचा चष्मा कायम घरी असतो. बोल. तुझ्या आवाजात."

तो 'तू' म्हणाला, हे तिच्या लक्षात आलं.

तिने बटन दाबलं. "मी मार्लिस हुक्स्ट्रा. कारखान्यातून. सगळ्यांनी आहात तिथे ट्रक थांबवा. ट्रकच्या लोखंडात वीज उतरलेली असू शकते. लाल दिव्यावर विश्वास ठेवू नका, तो बंद... तो काम करत नाहीये. लीलंडला झटका बसलाय. लीलंड बरा आहे."

मग रामिरोचा आवाज आला. तो लाँड्रीपाशीच होता, ट्रकच्या बाहेर. क्लेटन खाणावळीत पाव खात होता. तो म्हणाला, "ही चेष्टा असेल तर वाईट चेष्टा आहे."

मग व्हर्ना.

"मी आत बसलेय. सिग्नलच्या पुढे, कडेला घेतलीय. उतरू की बसू? कोणीतरी नीट सांगा."

मार्लिसने फोन दोन्ही हातांत धरला. "किल्ली बंद करा. मग दार उघडा. पायरीवर पाय ठेवून उतरू नका. एक पाय जमिनीवर, एक ट्रकवर, असं होता कामा नये. दोन्ही पाय जुळवून उडी मारा. कठडा धरू नका. खाली आलात की मागे टेकू नका, छोटी छोटी पावलं टाकत लांब जा."

"उडी? अगं बाई, माझे गुडघे एकसष्ट वर्षांचे आहेत."

"माहीत आहे. तरी मारा."

भांड्यात कोबी रटरटत होता. स्वयंपाकीणबाईने छातीशी हात जोडले. लीलंड फोनकडे बघत ओठ हलवत होता, आवाज मात्र येत नव्हता. मार्लिसला एकाएकी जाणवलं की व्हर्नाला तिने कधीच नीट पाहिलेलं नाही. ट्रक दिले त्या दिवशी एक बुटकी बाई मागे उभी होती, ती असेल. नसेलही.

"उतरले," फोन म्हणाला. व्हर्नाला धाप लागली होती. "ढुंगणावर. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या."

कोणी हसलं नाही.

मार्लिस उठली. खिडकीतून ट्रक दिसत होता, दाराला अगदी लागून. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "अकरा वाजता आमची बस येते इथंच. डायलिसिसची माणसं. व्हीलचेअरी त्या गाडीला घासूनच न्याव्या लागतील."

"किल्ली?" मार्लिसने विचारलं.

"काढलीय," लीलंड म्हणाला. "मग झालं की."

"नाही झालं. बॅटरीच्या दोन पेट्यांमधल्या तारेत वीज राहतेच. त्या पेट्या जोडणारी मधली मूठ उपसून काढावी लागते. ड्रायव्हरच्या बाजूला, खाली झाकण आहे."

"मग काढ."

"एकट्याने काढायची नसते. मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. चिकटलेल्या माणसाला ओढून काढायला, हात न लावता. कारखान्यात त्यासाठी लांब लाकडी दांड्याचा आकडा असतो. मी आणला नाही." ती थांबली. "घाईत होते."

लीलंडने तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या कोरड्या कपड्यांच्या गठ्ठ्याकडे. सकाळी त्यानेच तो आत आणला होता. त्याने एक चादर उपसली, झटकली आणि डाव्या हाताने पीळ घालू लागला. एका हाताने जमेना. स्वयंपाकीणबाईने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तिचा दोर केला. मार्लिसच्या कमरेभोवती तो घेताना त्याचा उजवा हात जॅकेटमधून बाहेर आला. बोटं थरथरत होती, पण वळत होती.

"बसा तुम्ही. तुम्हाला ओढायला जमणार नाही."

"एक हात माझा, दोन या बाईंचे. एकूण तीन होतात," तो म्हणाला. "चल."

स्वयंपाकघरातली रबरी चटई त्यांनी चिखलावर टाकली. लीलंड आणि ती बाई उंबऱ्याच्या आत, कोरड्या लाकडी फळीवर उभी राहिली. मार्लिसने जाड मोजे चढवले, आधी हवा भरून दाबून पाहिले, कुठे फाटले नाहीत ना. गुडघे टेकले. झाकण तिच्या छातीच्या उंचीवर होतं. त्याच्या कडेने मिठाचे ओघळ सुकले होते.

"ओढायचं कधी?" मागून लीलंडने विचारलं.

"मी बोलायची थांबले की. चिकटलेल्या माणसाला बोलता येत नाही."

"मग बोल."

"काय बोलू?"

"काहीही. नाहीतर तेच सांग. आम्ही म्हणजे कोण."

तिने झाकणाच्या पहिल्या कडीला बोट लावलं. काही झालं नाही.

"मी," ती म्हणाली. "आम्ही म्हणजे मी. जानेवारीच्या नऊ तारखेला. दुपारी. सगळे जेवायला गेले होते. एकच आकडा होता." दुसरी कडी सुटली. झाकण उघडलं. आत नारिंगी मूठ होती आणि तिच्या बुडाशी पांढरा क्षार. "वेसला माहीत नाही. त्याला अजूनही वाटतं, दिवा चालू आहे. आज सकाळी त्याने मला विचारलं, तरी मी सांगितलं नाही. नोरीनलाही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तुम्ही इथे येण्याआधीच..."

ती श्वास घ्यायला थांबली. त्याच क्षणी कमरेवर चादर करकचली.

"बोल," लीलंड म्हणाला.

"बोलतेय." तिने मूठ धरली. हात रबराच्या आत घामाने भिजले होते. "दोन दिवसांनी परत बदलणार होते. मग सगळे खूश झाले. मला कोणी विचारलंच नाही, कसं जमवलंस म्हणून." तिने मूठ खाली दाबली, फिरवली, ती अडली. तिने दात आवळून पुन्हा जोर केला. "कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी रोज स्वतःला सांगायचे."

कट् असा आवाज झाला. मूठ तिच्या हातात आली. ट्रक होता तसाच उभा होता, पण आता त्यातल्या विजेचे दोन तुकडे झाले होते आणि मधे कोणी नव्हतं. आता ती गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"आणि मी नोंदीत लिहिलं की सेन्सर बदलला," ती म्हणाली. "बदलला नव्हता. खोटं लिहिलं."

कमरेची चादर तशीच ताठ होती. मूठ पोटाशी धरून ती पुढचं सांगू लागली.